चाळिसांच्या पुढचा फटका

अभ्यासासाठी शास्त्रभाग : अनुवाद २५:१-३, मत्तय १:१८-१९, मत्तय १८:१५-१७, योहान ८:२-११, २ करिंथ २:५-११, कलस्सै २:१४-१५

बंगळुरूच्या जुन्या पेठेत चिकपेट नावाचा भाग आहे. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान. चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ. तिला छेदून जाणारी दोड्डपेटे म्हणजे मोठी पेठ, आणि तिलाच आता सर्व लोक ॲव्हेन्यू रोड म्हणतात. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेली ही पेठ, १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर, शहाजीराजांच्या जहागिरीत आली. त्यामुळे मराठी माणसाला येथे अगदीच परके वाटत नाही. रेशमी साड्यांच्या मोठ्या दुकानांमागच्या बोळांतून शिवणकाम करणाऱ्यांची लहान लहान दुकाने आहेत. त्यांत मराठी बोलणारी भावसार व नामदेव शिंपी कुटुंबे आहेत. त्यांची मराठी कन्नडच्या तालावर चालते, पण ती मराठीच. भाषांतराच्या बैठकींसाठी मला वर्षातून दोन-तीनदा बंगळुरूला जावे लागते. तेव्हा पत्नीची पोलकी मी अशाच एका वृद्ध शिंपीकाकांकडे शिवायला टाकतो आणि परतीच्या दिवशी घेऊन येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ह्या ॲव्हेन्यू रोडवर एक प्रकार घडला. साड्या चोरल्याच्या आरोपावरून एका स्त्रीला दुकानाच्या मालकाने व नोकराने भर रस्त्यात लाथा घातल्या, ओढले, मारले. कोणी तरी ते मोबाईलवर टिपले आणि थोड्याच दिवसांत ते चित्रण देशभर पोहोचले. त्या स्त्रीला पोलिसांनी आधीच अटक करून तुरुंगात पाठवले होते. चित्रण पसरल्यावर लोकांचा संताप उसळला, तेव्हा मालक व नोकर ह्यांनाही अटक झाली.

ते चित्रण मलाही आले. मी ते आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे पाठवले व त्याखाली एक ओळ लिहिली, की मनुष्याने मनुष्याशी असे वागावे काय? माझ्या मनात त्या स्त्रीविषयी करुणाच होती, असे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकतो. पुढे नोव्हेंबरात मी चिकपेटेत गेलो असता शिंपीकाकांपुढे हा विषय निघाला. काका काज करीत होते.

"तुम्हीपण बघितलात का, सर?" त्यांनी विचारले.

"हो काका. बघवत नव्हते."

"मग काय! तिला अजून एकानं बघितलं."

एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. मला टोमणा मारावा असा त्यांचा हेतू नव्हता. मी मात्र मुक्कामाच्या ठिकाणी परतताना मनाशी हिशेब करीत होतो. आमच्या गटात एकशे बारा सभासद आहेत. रस्त्यावर उभे राहून ज्यांनी तो मार पाहिला, त्यांच्याहून कदाचित अधिक माणसांपुढे मी एकट्याने, करुणेच्या भावनेने, ती स्त्री उभी केली होती. त्या रात्री मी अनुवादाचा पंचविसावा अध्याय उघडला. प्रस्तुत अभ्यासाचा आरंभ तेथे झाला.

न्यायाधीश, साक्ष आणि मोजणी

अनुवाद २५:१-३ हा उतारा आपल्या उपासनांत सहसा वाचला जात नाही. फटक्यांच्या शिक्षेविषयीचा तो नियम आहे आणि आजच्या वाचकाला तो क्रूर वाटण्याचा संभव आहे. परंतु नियमशास्त्राच्या ह्या तीन वचनांत शिक्षेपेक्षा शिक्षेच्या मर्यादेचीच काळजी अधिक आहे. पहिली गोष्ट म्हणजे, वाद न्यायसभेपुढे यावा. दोन्ही पक्षांचे ऐकून निर्दोष कोण आणि दोषी कोण हे ठरावे. दुसरी, फटके न्यायाधीशाच्या डोळ्यांदेखत आणि अपराधाच्या मानाने मोजून द्यावेत. तिसरी, संख्या चाळिसांच्या पुढे जाऊ नये. पुढे यहूदी लोकांनी मोजण्यात चूक होईल ह्या भीतीने एक फटका कमीच करून टाकला. पौलाने पाच वेळा सोसलेले एक कमी चाळीस फटके (२ करिंथ ११:२४) ते हेच.

मर्यादा कशासाठी, त्याचे कारण तिसऱ्या वचनात दिले आहे. अधिक फटके बसले तर मनुष्य मरेल, असे ते कारण नाही. तुझा भाऊ तुझ्या दृष्टीने हलका ठरेल, हे कारण आहे. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ हलका होणे, तुच्छ होणे असाच आहे. आपल्या मराठीतही माणूस हलका पडतो, त्याला हलके लेखतात; भाषांतरकाराला असा योग क्वचित लाभतो. येथे आणखी एक शब्द लक्ष देण्याजोगा आहे. पहिल्या व दुसऱ्या वचनांत ज्याला दोषी, दुष्ट म्हटले, त्यालाच तिसऱ्या वचनात भाऊ म्हटले आहे. प्राचीन यहूदी गुरूंनी हा बदल अचूक हेरला. फटके खाऊन होताच तो पुन्हा तुझा भाऊ झाला, असे ते शिकवीत.

आता ॲव्हेन्यू रोडवरील प्रकार ह्या तीन वचनांशेजारी ठेवून पाहावा. तेथे न्यायाधीश नव्हता, दोन्ही पक्षांचे ऐकणे नव्हते. आणि मोजणी? रस्त्यावरचा मार काही मिनिटांत संपला असेल. पण ते चित्रण जितक्यांदा पाहिले गेले, तितक्यांदा ती स्त्री पुन्हा पडली, पुन्हा ओढली गेली. त्या फटक्यांची संख्या आता कोणालाही सांगता येणार नाही. चोरी सिद्ध झाली तर कायदा तिला ठरावीक मुदतीची शिक्षा देईल आणि मुदत संपली की शिक्षा संपेल. चित्रणाला मुदत नसते. त्या स्त्रीचा अपराध खरा आहे की खोटा, ह्या प्रश्नाने येथे काहीच बदलत नाही. नियमशास्त्र ज्याला चाळिसांची मर्यादा देते, तो दोषी ठरलेलाच मनुष्य होता.

भाषेतील शब्दभांडार

भाषांतराच्या कामात मी शब्दांच्या याद्या करतो. नाचक्की, फजिती, बेअब्रू, बदनामी, छीथू, धिंड. चव्हाट्यावर आणणे, वेशीवर टांगणे, तोंडाला काळे फासणे, गाढवावर बसवणे, वाळीत टाकणे. माणसाला चारचौघांत हलके करण्यासाठी आपल्या भाषेने किती शब्द राखून ठेवले आहेत! क्षमेसाठी एवढे शब्द मला आजवर सापडलेले नाहीत. ह्यांतील बहुतेक शब्दांत एखादी जागा आहे : चव्हाटा, वेस, रस्ता. म्हणजे अपराध कोणता ह्यापेक्षा तो कोठे दाखवला जातो, ह्यालाच महत्त्व. अब्रू हा शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ते अब्रू. यहूदी गुरूंनीही लज्जेचे स्थान चेहराच मानले. जो आपल्या शेजाऱ्याचा चेहरा चारचौघांत पांढरा पाडतो, तो जणू त्याचे रक्त सांडतो, असे तालमुदात शिकवले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे : लज्जित माणसाच्या तोंडावरची लाली जाते आणि पांढरेपणा येतो. भावाला तुच्छतेने बोलणाऱ्याला आपल्या प्रभूने मनुष्यवधाच्या आज्ञेखाली का आणले (मत्तय ५:२१-२२), हे ह्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

पंचहौदाचा चहा

लोकलज्जेच्या बळावर समाजाला धाकात ठेवण्याची रीत मोबाईलबरोबर आली असे कोणी समजू नये. आपल्या मराठी मुलखात ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण घडले आणि तेही आपल्या ख्रिस्ती वास्तूत.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही कार्यक्रमाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांना तेथे जमवण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी ह्यांचा, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पतीचा. कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला. कोणी नुसता पेला हाती घेऊन सभ्यपणे खाली ठेवला. मिशनच्या दृष्टीने हा साधा पाहुणचार होता. त्यानंतर गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' ह्या वर्तमानपत्रात छापून आणली.

पुण्यात गदारोळ उडाला. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून सनातनी पक्षाने फिर्याद थेट शंकराचार्यांपर्यंत नेली आणि चौकशी सुरू झाली. ह्या प्रकाराला त्या काळी ग्रामण्य म्हणत. ग्रामण्यात सापडलेल्याच्या घरी पुरोहित येत नसे, पंगतीला कोणी बसत नसे, मुलामुलींची लग्नकार्ये अडत. शिक्षा एकाची आणि भोगणारे सारे घर. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनीच त्यांना दोष दिला. रमाबाई रानडे ह्यांनी आपल्या आठवणींत ह्या प्रकरणाविषयी लिहिले आहे. ज्यांना न्यायमूर्तींच्या घरातील त्या दिवसांची कल्पना हवी, त्यांनी ते पुस्तक अवश्य पाहावे. चहा घेतल्याची लाज एका पक्षाने लावली, प्रायश्चित्त घेतल्याची दुसऱ्याने.

ह्या प्रकरणातील यादी खोटी नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती माणसे तेथे खरोखरच गेली होती. आज आपणही पुष्कळदा म्हणतो, की मी काही खोटे पसरवले नाही, जे घडले तेच पाठवले. गोपाळरावांनाही तसे म्हणता आले असते. परंतु खरी माहितीही ज्याला न्याय करण्याचा अधिकार नाही आणि ज्याच्या हाती केवळ बहिष्काराचे शस्त्र आहे, अशा जमावाच्या हाती दिली की तिचा उपयोग सत्यासाठी होत नाही. आणि माझ्या समजुतीप्रमाणे, त्या यादीत ज्यांची नावे होती त्यांच्यापेक्षा ज्यांची नव्हती त्यांच्यावरच तिचा दाब अधिक पडला असला पाहिजे. उद्या मिशनच्या दारात पाय ठेवण्यापूर्वी पुण्यातील प्रत्येक गृहस्थ मागे वळून पाहणार. मूठभर माणसांना लाजवून सगळ्या शहराला शिस्त लावता येते. धिंडीचे खरे काम हेच, आणि म्हणून ती बघ्यांवाचून काढता येत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला असेच घडले. बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर शहरे बंद राहिली, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. जमावाने नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि त्या दोघींनाच अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण त्या अडीच वर्षांत किती जणांनी लिहिलेले पुसून टाकले असेल, ते कोण मोजणार? गावकी व जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला व तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. ह्या कायद्याची गरज किती होती, हे ज्यांच्या घराण्यात बाप्तिस्म्यानंतर विहिरीचे पाणी बंद झाल्याच्या आठवणी आहेत, त्या वाचकांना मी सांगायला नको.

योसेफाचे नीतिमत्त्व

आता मत्तयाकडे वळू. मरीया गर्भवती आहे असे योसेफाला कळले, तेव्हा त्याच्याजवळ नियमशास्त्राचे शस्त्र होते आणि गावाचे डोळेही होते. मत्तय १:१९ मध्ये त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत : तो नीतिमान होता, आणि तिला उघड्यावर आणण्याची त्याची इच्छा नव्हती. ह्या दोन गोष्टी कोणत्या अव्ययाने जोडाव्यात, हा भाषांतरकारांपुढील जुना प्रश्न आहे. कित्येक भाषांतरांत तेथे 'पण' किंवा 'तरी' अशा अर्थाचा शब्द येतो. तसे केले की अर्थ असा निघतो : नीतिमत्त्वाने पाहता त्याने तिला उघड्यावर आणायला हवे होते, पण दयेने त्याने ते टाळले. मूळ ग्रीकमध्ये मात्र साधा 'आणि' आहे. तो तसाच ठेवला तर तिची बेअब्रू न करणे हाच त्याच्या नीतिमत्त्वाचा भाग ठरतो. आमच्या बैठकीत ह्या एका अव्ययावर एक अख्खी दुपार गेल्याचे मला स्मरते. माझे मत 'आणि'च्या बाजूने होते व आहे. योसेफाला अजून दूताचे दर्शन झालेले नव्हते. त्याला उपलब्ध असलेल्या माहितीप्रमाणे मरीया दोषीच होती. दोषी समजूनही त्याने तिला चव्हाट्यापासून वाचवले.

उघड्यावर आणणे ह्या अर्थी तेथे जे क्रियापद आले आहे, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आढळते, कलस्सै २:१५ येथे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

योहानाच्या आठव्या अध्यायातील कथा अतिप्राचीन हस्तलिखितांत नाही, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. मंडळीने ती जतन केली ह्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. त्या स्त्रीला पकडून आणणाऱ्यांनी तिला मध्यभागी उभे केले. ज्याच्याबरोबर ती सापडली तो पुरुष कोठेच दिसत नाही. धिंडीसाठी माणसे निवडली जातात, हेही त्यावरून दिसते. प्रभू येशू खाली ओणवून बोटाने जमिनीवर लिहू लागला. त्याने काय लिहिले ह्यावर अनेकांनी अनेक तर्क केले आहेत, त्यांत मी भर घालीत नाही. मला एवढेच दिसते, की तिच्याभोवतालचे सारे डोळे तिच्यावर असताना एकट्या त्याने आपली नजर खाली वळवली होती, आणि काही क्षण तरी इतरांचे डोळेही तिला सोडून त्याच्या बोटाकडे गेले असले पाहिजेत. मग ते एकेक करून निघून गेले. आले होते घोळक्याने. जाताना प्रत्येक जण एकटा होता. सर्व गेल्यावरच तो तिच्याशी बोलला. तिच्या पापाविषयीही तो तेव्हाच बोलला.

पुरे म्हणणारा कोण?

येथे एक आक्षेप उभा राहतो, तो टाळणे योग्य होणार नाही. ते चित्रण पसरले नसते तर ॲव्हेन्यू रोडवरील मारहाण करणाऱ्यांना अटक झाली असती काय? बहुधा नाही. स्त्री तुरुंगात होती आणि मारणारे दुकानात. दुर्बलाच्या हाती पुष्कळदा ओरडण्यावाचून दुसरे काही नसते. लूक १८ मधील विधवेने न्यायाधीशाला सतावून सोडले तेव्हाच तिला न्याय मिळाला. म्हणून डोळ्यांपुढे अन्याय घडत असता तो टिपून ठेवणे मी चूक मानीत नाही. तो साक्षीचा भाग आहे, आणि लेवीय १९:१६ येथे शेजाऱ्याच्या प्राणावर बेतले असता स्वस्थ उभे राहण्याची मनाई आहे. साक्ष मात्र ज्याला निवाडा करता येतो त्याच्यापुढे द्यायची असते. ठाण्यात, न्यायालयात, आयोगापुढे, पत्रकाराच्या हाती दिलेले चित्रण आणि एकशे बारा सभासदांच्या गटावर टाकलेले तेच चित्रण, ह्यांत मला फरक दिसतो. आमच्या एकशे बारा जणांपैकी एकालाही त्या प्रकरणी काही करता येण्याजोगे नव्हते. आम्ही केवळ पाहिले. पोलीस मात्र असंख्य लोकांनी पाहिल्यावरच हलले, ही गाठ मला पूर्णपणे सोडवता आलेली नाही, हेही येथे नमूद करतो.

मत्तय १८:१५-१७ मधील क्रम आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. आधी दोघांच्याच भेटीत, मग एकदोन साक्षीदार घेऊन, आणि सर्वांत शेवटी मंडळीपुढे. वर्तुळ हळूहळू मोठे होते आणि ते मोठे करण्याचे कारण प्रत्येक वेळी एकच असते, भाऊ मिळवणे. आपल्या मंडळ्यांचे गट पाहिले तर क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. प्रथम मंडळीला कळते, मग साक्षीदार गोळा होतात आणि ज्याच्याशी एकांती बोलायचे त्याच्याशी कोणीच बोलत नाही.

पण केवळ मोबाईलला दोष देऊन मी सुटू इच्छीत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, मोबाईल नसतानाच्या काळात, मी एका मंडळीच्या पंचकमिटीचा चिटणीस होतो. मंडळीतील एका तरुण मुलीविषयी तक्रार आली. ती काय होती हे येथे लिहिण्याची गरज नाही. कमिटीने ठराव केला आणि रविवारच्या उपासनेत जाहिरातींच्या वेळी तो तिच्या नावासह वाचून दाखवण्यात आला. मसुदा माझ्या हातचा होता. त्यातील भाषा मोजून-मापून लिहिल्याबद्दल पाळकांनी माझे कौतुकही केले. त्यापूर्वी आमच्यापैकी कोणीही त्या मुलीशी एकांती बोलला नव्हता. ती त्यानंतर उपासनेला आली नाही. काही वर्षांनी तिची आई वारली, तेव्हा अंत्यविधीच्या वेळी ती देवळाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. पेटी बाहेर येईपर्यंत ती आत आली नाही. मी तिला पाहिले, आणि गीतपुस्तकात डोळे घातले.

करिंथच्या मंडळीलाही शिस्त लावावी लागली होती. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अशा एका मनुष्याविषयी लिहितो, ज्याला बहुमताने शिक्षा झाली आहे. त्याचे नाव पौल लिहीत नाही. त्याचा अपराधही सांगत नाही; आजवर टीकाकारांचे त्यावर एकमत झालेले नाही, आणि मला वाटते पौलाला तेच हवे असावे. तो म्हणतो, झाली एवढी शिक्षा बस्स आहे. तेथील ग्रीक शब्दाचा सरळ मराठी अर्थ 'पुरे' असा होतो. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, त्याच्यावरील आपली प्रीती पक्की करा, नाही तर तो दुःखात बुडून जाईल, असा पौलाचा आग्रह आहे. अनुवादात जी जागा चाळीस ह्या आकड्याची, ती येथे ह्या शब्दाची. शिक्षा करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पुरे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावा लागतो. न्यायाधीशाकडे तो असतो, पाळकांकडे असतो, बापाकडे असतो. शंकराचार्यांच्या ग्रामण्यालाही प्रायश्चित्ताने शेवट होता, हे त्या कठोर प्रथेच्या बाजूने म्हणावे लागेल. मोबाईलवर निघालेल्या धिंडीत पुरे म्हणणारा कोणी नाही. आमच्या पंचकमिटीत तो होता; आम्ही सात जण होतो.

देवाने उघड्यावर आणलेले

क्रूसाची शिक्षा केवळ मारण्यासाठी नव्हती. मारण्याचे याहून सोपे उपाय रोमी सत्तेजवळ होते. वस्त्रे काढून घेऊन, येण्याजाण्याच्या वाटेवर टांगून, वर दोषपत्र लावून ती दिली जाई, ती पाहणाऱ्यांसाठी. प्रभूच्या क्रूसावरील लेख तीन भाषांत होता आणि जागा नगराजवळ असल्यामुळे पुष्कळांनी तो वाचला, असे योहान १९:२० सांगते. इब्री १२:२ मध्ये त्याने लज्जा तुच्छ मानली असे जे म्हटले आहे, त्यातील लज्जा ही अशी होती. जिच्यात बघ्यांची नजर हीच अर्धी शिक्षा असते, ती त्याने सोसली.

आता कलस्सै २:१४-१५ पाहू. तेथे पौल म्हणतो, की आपल्याविरुद्धचा लेख देवाने खोडून टाकला व वधस्तंभाला खिळला, आणि अधिपती व सत्ता ह्यांना उघड्यावर आणून त्यांची धिंड काढली. योसेफाने मरीयेच्या बाबतीत जे करण्याचे नाकारले, तेच क्रियापद येथे आले आहे. योसेफाच्या घरी वाढलेल्या पुत्राच्या मरणात देवाने ते वापरले, पण कोणा माणसावर नव्हे. उघड्यावर आणले गेले ते माणसांना उघड्यावर आणणारे. ज्या मनुष्याविरुद्ध लेख होता त्याचा लेख मात्र वाचून दाखवला गेला नाही, तो खोडला गेला. ह्या वचनात 'धिंड' हा शब्द वापरावा काय, ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. काहींना तो ग्राम्य वाटतो. मला तोच योग्य वाटतो, कारण तो ऐकताच मराठी माणसाला रस्ता दिसतो.

चिकपेटेहून परत आल्यावर मी गटावर ते चित्रण माझ्या मोबाईलवरून काढून टाकले आणि इतरांनीही काढावे अशी विनंती लिहिली. पुष्कळांनी काढले. दोघांनी कळवले, की त्यांनी ते आधीच आपल्या नातलगांना पाठवले होते, आता त्यांना काय सांगावे? मी म्हटले, जे मी तुम्हांला सांगितले तेच सांगा.

नाताळाच्या आधी मी त्या मुलीचा पत्ता मिळवला. ती आता पन्नाशीकडे झुकली असेल. दुसऱ्या जिल्ह्यात राहते, तिला दोन मुले आहेत असे कळले. मी हाताने पत्र लिहिले. मसुदा माझा होता, हे त्यात सांगितले. तिच्याशी आधी कोणी बोलले नाही, हे सांगितले. फाटकाबाहेर तिला पाहिल्याचेही सांगितले. उत्तर पाठवा असे मी लिहिले नव्हते. ते आलेले नाही.